घोड्याच्या जागी कांडी

माझ्याकडे आली तेव्हा श्रावंती सात वर्षांची,
दत्तनगरातून चालत, पायात भावाची चप्पल.
पटावर एक काळा घोडा कमी होता.
तिनं खिशातून मागाची रिकामी कांडी काढली
आणि बी-आठवर उभी केली.
एकविसाव्या चालीला त्याच कांडीनं
माझा राजा आणि वजीर एकदम धरले.

मी पोस्टात पत्रं लावायचो. संध्याकाळी
वाचनालयाच्या मागच्या खोलीत पोरं जमवायचो.
बत्तीस वर्षांत तशी एकच मिळाली,
हे मी कुणाला बोललो नाही. दृष्ट लागते.

तिच्या घरी आई विड्या वळायची,
ओकटी, रेंडु, मूडु, पंचवीस झाल्या की दोरा,
आणि ही भिंतीला टेकून, डोळे मिटून,
पटाशिवाय मला चाली सांगायची.
तंबाखूनं मी शिंकायचो, ती नाही.

अकराव्या वर्षी राज्यात दुसरी.
चौदाव्या वर्षी, मे महिना, पारा चव्वेचाळीस,
अहमदाबादहून परतली ती जिंकलेला डाव हरून.
सहा तास. दोन प्यादी जास्त होती.
स्टेशनबाहेर रसवंतीच्या बाकावर म्हणाली,
"सहा तास कुणीच कुणाला हात लावत नाही, सर.
हरलं तरी अंगाला काही कळत नाही.
मग रात्रभर कळत राहतंय."
मी म्हणालो, डाव लिहून काढ, चूक शोधू.
चूक तिसाव्या चालीत होती. मी शोधलीही.

ऑगस्टात कुणीतरी सांगितलं,
पोरगी पार्क चौकाकडं ज्युदोला जायलीय.
तीन आठवडे मी तिच्याशी बोललो नाही.
पन्नाशीतला माणूस असं वागतो का? वागलो.
शेवटी तीच आली, शेंगाचटणीची पुडी घेऊन,
कोपर सोललेलं.
"पहिले तीन महिने नुसतं पडायलाच शिकवायलेत.
मागं, बाजूला, लोळून.
हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटायचा.
तुम्ही सात वर्षांत एकदा पण नाही शिकवलात की!"
हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

तिचा तो जाड पांढरा सदरा
बापानं अंगठ्यानं चोळून पाहिला, उलटा केला,
मागाच्या आवाजानं कान गेलेला माणूस, ओरडूनच बोलतो:
"टॉवेलाचंच सूत की हे! एवढे पैसे घेतात?"
आणि फाटलेली कॉलर रात्रीत अशी रफू केली
की सामन्याआधी पंचानं
तिथंच दोनदा हात फिरवला.

अठ्ठेचाळीस किलोचा गट.
दोनशे ग्रॅम जास्त भरली म्हणून पहाटे
सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं स्वेटर घालून पळाली.
आईनं अर्धी भाकरी परत डब्यात ठेवली,
उरलेली अर्धी स्वतःही खाल्ली नाही.
बुद्धिबळात कुणी हिचं वजन विचारलं नव्हतं.

मी एकदाच पाहायला गेलो. सवयीनं वही उघडली.
चार मिनिटांचा खेळ. काय लिहायचं?
समोर रुंद खांद्यांची एक पोरगी, सांगलीकडची.
दोघी एकमेकींच्या कापडाला लोंबकळल्या,
आणि मग श्रावंतीनं डावी बाही
सोडून दिली. फुकट.
खालचा ओठ दातात.
हा ओठ मी ओळखतो.
"प्यादं देतेय," मी शेजारच्याला म्हणालो.
"कुठलं प्यादं?" तो म्हणाला.

समोरचीनं ते घेतलं, आणि पुढचंही घेतलं.
श्रावंती तिच्या पाठीवरून गेली,
हवेत पूर्ण फिरली, पडली.
हाताचा आवाज पत्र्यापर्यंत गेला.
उठली, पट्टा सारखा केला, वाकून नमस्कार केला.

वहीत त्या दिवसाचे दोनच शब्द आहेत: डावी बाही.

माझ्याशेजारी बसून ती केळं सोलत होती.
"दुखतंय?"
"हो," ती म्हणाली,
आणि बोट ठेवून दाखवलं, "इथं."